'खास मधुमेहींसाठी' ही नानकटाई कोणासाठी असते?

दिवाळीच्या महिनाभर आधीपासून दवाखान्यात एक प्रश्न रोज ऐकू येतो. "डॉक्टर, नाचणीची चालते ना? गुळातली आहे, साखरेचा कणही नाही." प्रश्न विचारणारे बहुधा पेशंट नसतातच. ती त्यांची सून असते, लेक असते, कधी बायको. ओळखीतली एखादी ताई घरी बेकिंग करते, तिच्याकडे 'डायबेटिक स्पेशल' कुकीज मिळतात, किंवा नेहमीच्या बेकरीवाल्याने यंदा शुगर-फ्री नानकटाईचा वेगळा ट्रे लावलेला असतो. साध्या नानकटाईपेक्षा ती महाग असते. पण बाबांसाठी आहे म्हटल्यावर पैशांकडे कोण बघतो?

मी स्पष्टच सांगतो. 'मधुमेहींसाठी खास' असा गोड पदार्थ नसतो. तशी चिठ्ठी असते फक्त. आणि ती चिठ्ठी लावलेला डबा घरातल्या साखरेच्या डब्यापेक्षा जास्त नुकसान करतो, असे माझे मत आहे. कारण साखरेच्या डब्याची निदान भीती तरी वाटते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर लोकांना सगळ्यालाच नाही म्हणायची सवय असते. तसे नाही. लेख पूर्ण वाचा, शेवटी मी तुम्हाला खरी नानकटाई खायला सांगणार आहे. पण आधी थोडे गणित करू.

आपली नेहमीची घरगुती नानकटाई घ्या. १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १०० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम तूप. याच्या साधारण २० नानकटाया होतात. मैदा आणि बेसन मिळून सुमारे १०० ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे पिठूळ पदार्थ, जे पोटात गेल्यावर शेवटी ग्लुकोजच होतात. साखरेचे आणखी १००. एकूण २००. म्हणजे एका नानकटाईत १० ग्रॅम. उष्मांक साधारण ९०, त्यातले निम्मे तुपाचे.

आता तीच नानकटाई 'हेल्दी' करू. मैदा-बेसनाऐवजी १५० ग्रॅम नाचणीचे पीठ आणि साखरेऐवजी १०० ग्रॅम गूळ पावडर. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६७ ग्रॅम कार्बोहायड्रेट असते, म्हणजे १५० ग्रॅममध्ये झाले १००. गुळाचे नव्वदच्या आसपास. एका नानकटाईत साडेनऊ ग्रॅम! एवढ्यासाठी रंग काळपट झाला, चव बदलली, पैसे जास्त गेले आणि फरक पडला अर्ध्या ग्रॅमचा.

नाचणी वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात कॅल्शियम उत्तम असते, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, गव्हाच्या कितीतरी पट. मैद्यापेक्षा तंतूही भरपूर. भाकरी म्हणून ती जरूर खा. पण रक्तातल्या साखरेच्या हिशोबात नाचणीचे पीठ आणि गव्हाची कणीक ही सख्खी भावंडे आहेत. बारीक दळून, चाळून, तुपात मळून भाजली की भाकरीतली नाचणी आणि बिस्किटातली नाचणी एक राहत नाही.

गुळाबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. 'गूळ नैसर्गिक असतो.' अहो, ऊसही नैसर्गिकच आहे आणि साखरही त्याच उसाची. गुळातला बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरच. लोह असते, पण १०० ग्रॅम गुळात काही मिलिग्रॅम. तेवढ्या लोहासाठी मधुमेहीने १०० ग्रॅम गूळ खायचा का? मधाचेही तसेच. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखर असतो. 'खजूर घातलाय, साखर नाही' हे वाक्य 'पाचशेची नोट नाही दिली, शंभराच्या पाच दिल्या' असे आहे.

मग खरोखर शुगर-फ्री, म्हणजे सुक्रालोज किंवा स्टीव्हिया घातलेली नानकटाई? इथे थोडा फरक पडतो, तो मान्य करू. साखरेचे १०० ग्रॅम गेले, पिठाचे १०० उरले. एका नानकटाईत ५ ग्रॅम. चांगले आहे की! पण घरात काय होते ते आठवून बघा. साधी नानकटाई असती तर आई एक देताना दहा वेळा विचार करत होती. डब्यावर 'शुगर-फ्री' लिहिले की बाबा स्वतः उठून घेतात. चहाबरोबर दोन, संध्याकाळी दोन, रात्री 'तोंड गोड करायला' एक. दोन खाल्ल्या की बेरीज साध्या एकीएवढी झाली. पाच खाल्ल्या की २५ ग्रॅम, म्हणजे सव्वा पोळी, आणि वर २५ ग्रॅम तूप. पोळी कमी केली का? नाही. कारण 'शुगर-फ्री'ला हिशोबात धरायचे असते हेच कोणी सांगितलेले नसते.

याच गोष्टीची मला खरी चीड आहे. चिठ्ठी पिठाबद्दल खोटे बोलत नाही. ती त्याबद्दल काही बोलतच नाही.

चहाची गोष्ट वेगळी. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३०-३५ ग्रॅम साखर रोजची. चहातली साखर काढली किंवा तिच्याजागी गोळी टाकली की ती खरोखर गेली, कारण चहात पीठ नसते. बिस्किटात साखर हा अर्धाच भाग. शिवाय बेकिंगमध्ये साखर फक्त गोडी देत नाही. खुसखुशीतपणा, बदामी रंग, आकार, वजन हे सगळे तिच्यामुळे. सुक्रालोज साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड, म्हणजे चिमूटभर पुरते. मग १०० ग्रॅमची रिकामी जागा कशाने भरायची? बेकरीवाला ती मैद्याने, दूध पावडरने, माल्टोडेक्स्ट्रिनने किंवा माल्टिटॉलने भरतो. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव जिभेला गोड लागत नाही, पण रक्तात साखर चढवायला ते साखरेला हार जात नाही. माल्टिटॉल साखरेच्या मानाने साधारण निम्मे काम करते, शून्य नाही. जास्त खाल्ले तर पोटात गॅस आणि जुलाब. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी 'बाहेरचे काही खाल्ले नाही तरी पोट बिघडले' म्हणणाऱ्यांना मी आधी शुगर-फ्री मिठाईचे विचारतो.

हे माझे एकट्याचे मत नाही. जर्मनीत एके काळी मधुमेहींच्या चॉकलेट-बिस्किटांचे दुकानात वेगळे कपाटच असे. साखरेऐवजी फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल घातलेले. अशा वेगळ्या खाद्यपदार्थांना शास्त्रीय आधार नाही, असे युरोपीय आयोगाच्या २००८ च्या अहवालाने म्हटले. जर्मनीने २०१० मध्ये नियम बदलला, कंपन्यांना दोन वर्षांची मुदत दिली आणि २०१२ च्या ऑक्टोबरनंतर ते लेबल बंद झाले. आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचे निघाले. एवढे मोठे गिऱ्हाईक दिसल्यावर बाजार आपल्या आपण चिठ्ठी काढून टाकेल, ही आशा सोडा. चिठ्ठी वाचायला आपणच शिकायचे.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिले आहे ते वाचू नका. पाकीट उलटे करा. 'साखर' या ओळीवर थांबू नका, 'कार्बोहायड्रेट' ही ओळ बघा. मग तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बिस्किटाचा, ते बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. 'नाचणी कुकीज'मध्ये पहिले नाव मैद्याचे आणि चौथे नाचणीचे असेल तर ती मैद्याची कुकी आहे. घरगुती माल असेल तर ताईंना सरळ विचारा, कशात किती घालता? प्रामाणिकपणे करणारी बाई लगेच सांगते.

आता खायचे कसे, त्याकडे येऊ.

खरी नानकटाई करा, पण सुपारीएवढी. २० च्या जागी ४० करा. साखर १०० ऐवजी ६० ग्रॅम घाला. माझ्या घरी तशीच होते आणि पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही, वेलची-जायफळ सांभाळून घेते. मैद्याचा थोडा भाग कमी करून बेसन किंवा बदामाची पूड वाढवा. अशी एक नानकटाई म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम कार्बोहायड्रेट. दोन खा, जेवणाच्या शेवटी, भाजी-आमटी-कोशिंबीर पोटात गेल्यावर. त्या जेवणात अर्धी पोळी कमी घ्या. नुसत्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी खाऊ नका. जेवून उठल्यावर १५ मिनिटे चाला, सोसायटीतच फेऱ्या मारा. आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर पहिल्या घासानंतर दोन तासांनी बोट टोचून बघा. बहुतेकांसाठी १८० च्या खाली असले की ठीक. तुमचे ध्येय वेगळे ठरवले असेल तर तेच धरा. माझ्या लेखापेक्षा तुमचे मीटर तुम्हाला तुमच्याबद्दल जास्त सांगेल.

ज्यांची साखर सध्या हाताबाहेर आहे, ज्यांना गरोदरपणातला मधुमेह आहे किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. टाइप १ असलेल्या मुलांच्या आईवडिलांना वेगळे सांगायचे आहे. मुलाला वाढदिवसाच्या केकपासून तोडून त्याच्या हातात 'त्याची' शुगर-फ्री कुकी देऊ नका. कार्बोहायड्रेट मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन घ्यायला तो शिकला असेल, तर केकचा बेताचा तुकडा त्यालाही मिळू शकतो. सगळ्या वर्गासमोर वेगळा डबा उघडायला लागणे म्हणजे काय, हे त्या मुलाला विचारा. मोठ्यांचेही काही निराळे नसते. एक आजोबा मला म्हणाले होते, "सगळ्यांच्या ताटात करंजी आणि माझ्या ताटात औषध." मग ते रात्री उठून फ्रिजमागे लपवलेली करंजी खायचे, एक नाही, तीन. वेगळ्या ताटाचा हा परिणाम मी अनेक घरांत पाहिला आहे.

शेवटी एक धोका, ज्याबद्दल या शुगर-फ्री घरांना सावध करणे मला सगळ्यात जरुरीचे वाटते. काही घरांत साखर पूर्ण हद्दपार झालेली असते आणि घरातली व्यक्ती मात्र इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांवर असते. जेवायला उशीर झाला की साखर ७० च्या खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे. मग घरचे घाईघाईने जे गोड हाताला लागेल ते तोंडात घालतात, आणि हाताला लागते ती शुगर-फ्री मिठाई किंवा गोडीची गोळी टाकलेले सरबत. त्याने साखर चढत नाही. साधी नानकटाईसुद्धा अशा वेळी उपयोगाची नाही, तूप तिचे पचन लांबवते. तेव्हा लागते १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून, किंवा तीन-चार चमचे साखरेचे पाणी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, चढली नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर साखरेचे पाणीही नीट काम करत नाही, कारण ती गोळी साखर फोडायचेच काम अडवते. तिथे ग्लुकोजच हवे. आजच पाकीट काढून बघा. ते नाव दिसले तर मेडिकलमधून ग्लुकोज पावडरचा डबा आणून, घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल अशा जागी ठेवा.