पदवीचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला म्हणजे चिरंजीवांस कोणत्या कॉलेजांत घालावें, हा विचार घरोघरीं सुरू होतो. यंत्र-अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांचीच. खर्च मात्र स्थळपरत्वें अनेक पटींनीं भिन्न. जेथें आजोबांची ठेव व काकांची शिल्लक एकाच तिजोरींत असते, तेथें हा निर्णय एकट्या मुलाचा नसतो. पाठच्या भावंडांच्या शिक्षणाचाही असतो. म्हणून गतानुगतिकपणा सोडून आधीं आंकडे मांडावे.

प्रथम खर्च. छापील शुल्क व प्रत्यक्ष शुल्क एक नव्हे. आय.आय.टी.चें वार्षिक शिक्षणशुल्क 2016 सालीं 90 हजारांवरून 2 लक्ष रुपये झालें; परंतु त्याच वेळीं 1 लक्षाहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांस तें संपूर्ण, व 5 लक्षांपर्यंतच्या कुटुंबांस दोनतृतीयांश माफ झालें. महाराष्ट्रांतील खाजगी विनाअनुदानित कॉलेजांचें शुल्क 2015 च्या कायद्याखालील प्राधिकरण मंजूर करतें; तो आंकडा पाहूनच पैसे भरावे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास, तसेंच सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या घरचें उत्पन्न 8 लक्षांच्या आंत आहे, त्यांस केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेंतून प्रवेश मिळाल्यास राज्य सरकारनें 2024 सालीं शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. यंत्रशाखा मुलींस वर्ज्य मानणाऱ्या घरांनीं हें ध्यानीं घ्यावें.

कर्ज काढावयाचें असेल तर त्याचाही हिशेब करावा. परतफेडीच्या आरंभीं 8 लक्ष देणें, व्याज दरसाल 10 टक्के व मुदत 10 वर्षें धरली, तर मासिक हप्ता सुमारें 10,570 रुपये पडतो, आणि एकूण भरणा 12 लक्ष 68 हजारांवर जातो. शिक्षणकाळांत हप्ता नसला तरी व्याज चढतच असतें.

आतां फळ. कॉलेजें ‘सरासरी पगार’ मोठ्या अक्षरांत छापतात. दहा पदवीधरांपैकीं नऊजणांस वार्षिक 4 लक्ष व एकास 40 लक्ष मिळाले, तर सरासरी 7 लक्ष 60 हजार येते. पण नऊ घरांत ती रक्कम कधींच पोहोंचत नाहीं. म्हणून मध्यक, म्हणजे चढत्या क्रमानें मांडलेल्या पगारांतील मधला आंकडा, विचारावा. येथें तो 4 लक्षच आहे. एन.आय.आर.एफ. क्रमवारीसाठीं संस्थांनीं दिलेल्या माहितींत किती विद्यार्थी मुदतींत उत्तीर्ण झाले, कितींस नोकरी लागली व मध्यक पगार किती, हें सर्वांस पाहतां येतें. मात्र तींत सर्व शाखा एकत्र असून संगणकशाखेचे पगारही मिसळलेले असतात. यास्तव यंत्रशाखेचा आंकडा निराळा मागून घ्यावा.

आणखी एक वाट आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो. दोन अधिक चार सहा, आणि तीन अधिक तीनही सहाच. वर्ष वायां जात नाहीं. मध्येंच घरची परिस्थिति बिघडली तर हातीं पदविका तरी असते. बारावी अर्धवट पदवीस असा आधार देत नाहीं. ही वाट कमीपणाची मानणाऱ्या आप्तांचें कर्ज फेडण्यास कोणी येत नाहीं.

कॉलेज पाहावयास जाल तेव्हां इमारतीआधीं कर्मशाळा पाहावी. लेथ चालू आहेत कीं झांकलेले, मुलांच्या हातांस तेल लागतें कीं नाहीं, हें तेथेंच कळतें. आणि मध्यक पगारांतून हप्ता फेडून धाकट्या बहिणीच्या शिक्षणास कांहीं उरेल काय, या प्रश्नाचें उत्तर कागदावर मांडल्यावांचून वडील मंडळींनीं कर्जाच्या कागदावर सही करूं नये.