अपयशाला जागा हवी

'अपयशाची भीती सोडा, म्हणजे तुमच्यातील कलावंत जागा होईल' असा उपदेश करणारी व्याख्याने महाविद्यालयांतून उदंड होत असतात. भीती ही विद्यार्थ्याच्या मनातील एखादी गाठ आहे आणि निश्चय केला की ती सुटते, असे त्यांत गृहीत धरलेले असते. या मांडणीला आमचा विरोध आहे. लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात ही भीती शिक्षणव्यवस्थेने घातलेली असते. ती धैर्याच्या गोष्टींनी जात नाही. हातून वाईट लिहून होण्याला जेथे मुभा असते, तेथेच ती हळूहळू ओसरते.

अशा व्याख्यानांत अण्णा भाऊ साठे यांचे नाव हमखास येते. घाटकोपरमध्ये तर ते यावेच. येथील चिरागनगरच्या झोपडपट्टीत त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, वाटेगावहून वडिलांसोबत पायी मुंबईला आलेला मुलगा पुढे 'फकिरा' (१९५९) लिहितो आणि १९६१ साली त्या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळतो, ही कथा श्रोत्यांना भारून टाकते. वक्ता 'जिद्द' हा एक शब्द उच्चारून मोकळा होतो आणि मधली वर्षे कथेतून गळून जातात.

वास्तविक सारे मर्म त्या मधल्या वर्षांत आहे. १९४४ च्या सुमारास अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह अण्णा भाऊंनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये कामगारांपुढे सादर होऊ लागली. दिवसभर राबून आलेला हा प्रेक्षक कोणाच्या भिडेखातर बसून राहणारा नव्हे. रंगले नाही तर ते तिथल्या तिथे कळणार. पण पुढच्या प्रयोगाला बदल करून पुन्हा उभे राहताही येणार. अपयश नित्याचे झाले की त्याचा धाक उरत नाही, त्याचे केवळ ज्ञान उरते. पुस्तकी शिक्षण नाकारलेल्या या लेखकाला कलापथकाच्या रूपाने एक शाळाच लाभली होती, हे आपण विद्यार्थ्यांना का सांगत नाही?

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. अण्णा भाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या सगळ्या 'फकिरा'च्या तोलाच्या नाहीत. काहींत नाट्यमयता अतिरेकी आहे, काहींत योगायोगांची गर्दी आहे. गौरवग्रंथ हे झाकतात आणि त्यांच्याकडे पाठ फिरवणारे समीक्षक एवढेच सांगतात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. उणे लिहिण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याच हातून 'फकिरा' लिहून होते.

मध्यमवर्गीय लेखकाचा अनुभवही वेगळा नाही. विजय तेंडुलकरांचे 'गृहस्थ' १९५५ साली पडले आणि पुन्हा नाटक लिहायचे नाही असे त्यांनी ठरवून टाकले. तो निश्चय टिकला नाही, हे मराठी रंगभूमीचे भाग्य. पडलेले ते नाटकही त्यांनी फेकून दिले नाही. पुढे 'कावळ्यांची शाळा' या नावाने नव्याने लिहिले. १९६० साली 'रंगायन' उभी राहिली. सभासदांच्या बळावर चालणाऱ्या या संस्थेला तिकीटबारीची धास्ती नव्हती. 'शांतता! कोर्ट चालू आहे' याच संस्थेने रंगमंचावर आणले. येथेही लेखकाच्या मनोबलाइतकीच जागेची किंमत आहे.

आता आपल्या मराठी विभागांकडे पाहावे. विद्यार्थी जे काही लिहितो, त्याला गुण दिले जातात. त्यामुळे तो मार्गदर्शिकेतले उत्तर लिहितो. ते सुरक्षित असते. वार्षिकांकात निवडक तेवढेच छापले जाते. कवितेवर पहिली प्रतिक्रिया शुद्धलेखनाची येते. घरी, वस्तीत वेगळी मराठी बोलणारा विद्यार्थी त्यानंतर दुसरी कविता दाखवत नाही. 'आधी अभिजात वाचा, मग लिहा' हा सल्ला वरकरणी रास्त वाटतो. पण ज्ञानेश्वरीपासून मर्ढेकरांपर्यंत शिखरेच दाखवून चढणीची वाट लपवली, तर वाचन हेच दडपण होते.

याने दर्जा घसरेल, असा आक्षेप येईलच. आमचे उत्तर सरळ आहे. कलापथकाचा श्रोता कोणत्याही परीक्षकाहून कठोर होता. आम्ही कठोरपणा सोडा म्हणत नाही. निकाल अंतिम मानू नका, एवढेच म्हणतो. गुण एकदा दिले की विषय संपतो, तर श्रोता पुढच्या वेळी पुन्हा ऐकायला येतो.

तेव्हा प्रत्येक मराठी विभागाने तीन गोष्टी कराव्यात. सत्रातील किमान एक लेखनकार्य गुणांविना ठेवावे. पंधरवड्याला अपुऱ्या लेखनाचे जाहीर वाचन घ्यावे आणि त्यात अध्यापकांनीही आपला कच्चा मजकूर वाचावा. भित्तिपत्रकावर कवितेचा पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारीशेजारी लावावा. यासाठी अनुदान लागत नाही, विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. एवढे होत नसेल, तर अण्णा भाऊंच्या जयंतीला, १ ऑगस्टला, जिद्दीवर भाषणे ठेवणे तरी आपण थांबवावे.