या गावासाठी एक पंगत

भारतातून आई-बाबा आले की त्यांना दाखवायच्या ठिकाणांत डिअरबॉर्नचे हेन्री फोर्ड म्युझियम असतेच. रोझा पार्क्स ज्या बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत ती बस तिथे आहे. आत चढून बसता येते, फोटो निघतो आणि बाबा विचारतात, ‘मग पुढं काय झालं?’ पुढे माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी ३८१ दिवस शहरातल्या बसवर बहिष्कार घातला, हे आपण सांगतो. पण इतके दिवस ती हजारो माणसे कामावर गेली कशी, गाड्यांच्या पेट्रोलचे पैसे आले कुठून, हे सहसा आपल्यालाही ठाऊक नसते. त्यातला एक वाटा स्वयंपाकघरातून आला.

जॉर्जिया गिलमोर तिथल्या एका खाणावळीत स्वयंपाक करायच्या. बहिष्काराच्या बाजूने कोर्टात साक्ष दिली आणि नोकरी गेली. मग मार्टिन लूथर किंग यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी घरातच चूल मांडली. त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी तळलेले चिकन, सँडविच, केक, पाय असे पदार्थ करून विकले आणि चर्चमधल्या सभेत पैसे नेऊन दिले. त्या पैशांतून लोकांना ने-आण करणाऱ्या गाड्या चालत राहिल्या. गटाचे नाव त्यांनी ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ ठेवले होते. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर उत्तर तयार! गंमत वाटते खरी, पण त्यामागे धाक होता. देणाऱ्यांपैकी अनेक जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. नाव फुटले असते तर त्यांचाही रोजगार गेला असता.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे डेट्रॉईट परिसरातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आलेला एक प्रस्ताव. येत्या मार्चमध्ये, पाडव्याच्या कार्यक्रमाला न जोडता, एक सार्वजनिक जेवण करावे. जेवायला मंडळाच्या सभासदांइतकेच बाहेरचेही लोक यावेत, आणि जमलेले पैसे याच परिसरातल्या एखाद्या कामाला द्यावेत.

प्रस्तावावर पहिली हरकत आली ती अगदी अपेक्षित. इतकी माणसे राबवायची, हॉल घ्यायचा, भांडी घासायची. त्यापेक्षा प्रत्येकाने ५० डॉलर झेलवर पाठवले तर दुप्पट पैसे जमतील. हिशेब चुकीचा नाही. आपणच मांडून बघू. १५० पाने आणि ताटाला १५ डॉलर धरले तर २,२५० डॉलर. हॉलचे भाडे, किराणा, पत्रावळी, विमा, परवाना यांत निम्मे गेले असे धरा. हाती हजार-अकराशे उरले तरी नशीब. पैसेच उभे करायचे असतील तर जेवण हा त्याचा सर्वांत लांबचा रस्ता आहे.

मग कशासाठी? याचे उत्तर माझ्या मते आपल्या शेजारीच सापडते. फेब्रुवारी २०१० मध्ये डेट्रॉईटमध्ये ‘डेट्रॉईट सूप’ नावाची जेवणे सुरू झाली. मूळ कल्पना शिकागोची. तिथल्या काही कलाकारांनी २००७ पासून रविवारच्या सूपवर पैसे जमवून ते कलाप्रकल्पांना द्यायला सुरुवात केली होती. डेट्रॉईटने ती अख्ख्या शहराच्या उपयोगाची केली. दारात पाच डॉलर द्यायचे. त्यात सूप, सॅलड, पाव आणि एक मत. चार जण आपापले काम मांडायचे, प्रत्येकाला चार मिनिटे आणि श्रोत्यांचे चार प्रश्न. पडदा नाही, स्लाइड नाही, तोंडाने सांगायचे. मग लोक जेवायचे, जेवताना आपसांत वाद घालायचे आणि मत टाकायचे. ज्याला जास्त मते त्याला दारातली सगळी रक्कम. त्याने नंतर एखाद्या जेवणाला परत येऊन पैशांचे काय केले ते सांगायचे. रक्कम कधी काही शे, कधी हजाराच्या वर. जुलै २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलर कर्जाखाली शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हाही ही जेवणे चालूच होती. पाच-पाच डॉलरनी ते कर्ज फिटणार नव्हते, पण आपल्या गल्लीत कोण काय करतो आहे हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळत होते.

म्हणून माझा आग्रह मतदानाचा आहे. कार्यकारिणीने आधीच एक संस्था निवडायची, तिच्या प्रतिनिधीला शाल-श्रीफळ द्यायचे, मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकसोबत फोटो काढायचा, हे आपल्याला झोपेतही जमेल. त्यात जेवणाराने फक्त जेवायचे असते. इथे त्याला ऐकावे लागेल आणि ठरवावेही लागेल. आणि पैसे मागायला येणाऱ्यांनी स्टेजवर बसायचे नाही, आपल्याबरोबर पंगतीला बसायचे. मंडळातल्या ज्येष्ठांना हा बेशिस्तपणा वाटेल, वाटू दे.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. गावाकडे एवढी गरज असताना इथल्या श्रीमंत देशात कशाला द्यायचे? २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आपल्यातल्या अनेकांनी हात सैल सोडला, ते योग्यच होते आणि पुढेही तसेच व्हावे. पण आपण इथे पंधरा-वीस वर्षे राहतो. मुले इथल्या सरकारी शाळेत शिकतात. लायब्ररीतून पिशव्या भरभरून पुस्तके आणतो. तरीही ‘आपले गाव’ म्हटले की मनात बार्शी नाही तर चिपळूण येते. सातारच्या बोर्डिंगसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांना मुष्टिफंडाचे धान्य मिळायचे ते आसपासच्या घराघरांतून, मूठ-मूठ बाजूला काढलेले. ज्या मुलखातली पोरे शिकत होती, त्याच मुलखातल्या बाया धान्य काढत होत्या. ते नाते इथे आपण जोडलेले नाही.

अर्थात ‘इथले’ म्हणजे कुठले, हाही प्रश्न आहेच. नोव्हाय, ट्रॉय, कँटन ही काही हलाखीची गावे नाहीत. पैसे पाँटियाकला द्यावेत, डेट्रॉईटला द्यावेत, की आपल्याच गावातल्या त्या ज्येष्ठांना, ज्यांच्या दारातला बर्फ काढायला कोणी नाही? माझे मत मी इथे सांगत नाही, कारण ते मत मला त्या दिवशी सगळ्यांबरोबर चिठ्ठीवर लिहायचे आहे.

आता चुलीकडे. केटररला सांगू नये, एवढेच माझे म्हणणे. लेंटच्या शुक्रवारी इथल्या कॅथलिक चर्चच्या तळघरात फिश फ्राय असतो तिथे जाऊन बघा. निवृत्त काका मासे तळतात, शाळेतली मुले कोलस्लॉ वाढतात, आणि पोलिश वस्तीतल्या चर्चमध्ये पिरोगीही मिळतात. दर शुक्रवारी तीच माणसे, तोच मेन्यू, त्यामुळे नासाडी कमी आणि हात बसलेला. आपण मात्र वर्षातून एकदा करतो आणि नऊ पदार्थ करायला जातो.

तर पदार्थ मोजके. झुणका-भाकरीचा घोष दरवेळी होतो. तो यावेळी नको. १५० जणांना गरम भाकरी देईल असा हॉल इथे मिळत नाही. पिठले म्हणाल तर ट्रेमध्ये अर्धा तास राहिले की त्याची वडी पडते. पुऱ्या चामड होतात. कढी पुन्हा तापवताना फुटते. टिकतो तो मसालेभात. मटकीची उसळ टिकते आणि कटाची आमटी तर मुरल्यावरच चांगली लागते. गोडाला श्रीखंड. आरोग्य खात्याचा माणूस थर्मामीटर घेऊन येतो. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या खाली आणि थंड पदार्थ ४१ च्या वर गेलेला त्याला चालत नाही. ‘आमच्याकडे असंच असतं’ हे त्याला सांगून उपयोग नाही. परवाना काढून जेवण करायचे तर घरी शिजवून आणलेले अन्नही चालत नाही. परवाना असलेल्या स्वयंपाकघरातच शिजवावे लागते, त्यामुळे हौशी सुगरणींनी आपापले कुकर घरीच ठेवावेत. तिखट अर्धे करायचे की वेगळा ठेचा ठेवायचा, यावर दोन तट पडले आहेत. मी ठेच्याच्या बाजूचा.

हिशेबाचेही सांगून टाकतो, कारण दरवेळी पावतीवरून घोळ होतो. मंडळ करमुक्त संस्था असले तरी ताटाचे १५ डॉलर अख्खे देणगीत धरता येत नाहीत. जेवणाची रास्त किंमत वजा जाता उरेल तेवढीच देणगी. ज्यांना करसवलत हवी त्यांनी ताटाचे पैसे देऊन वर वेगळी देणगी द्यावी, पावती त्या रकमेची मिळेल. पैठणीचा लकी ड्रॉ तिकिटे आधी विकून काढू, अशीही सूचना आली आहे. त्याला मिशिगन लॉटरीच्या धर्मादाय विभागाचा परवाना लागतो. त्या कागदपत्रांची जबाबदारी कोणी आनंदाने घेणार असेल तर पैठणी जरूर काढू. खर्चाचा तपशील, अगदी कोथिंबिरीच्या जुड्यांपर्यंत, पुढच्या अंकात छापला जाईल.

तूर्त हवे आहे ते असे. आपल्या ओळखीचे, या परिसरात लहानसे काम करणारे कोणी असेल तर त्यांची नावे कळवा. मंडळाच्या सभासदाने स्वतःचे काम मांडले तरी चालेल, मात्र चार मिनिटे म्हणजे चारच, आणि त्यात प्रास्ताविक, आभार व स्वागतगीत बसत नाही. आदल्या संध्याकाळी मटकी निवडायला आठ जण, दुसऱ्या दिवशी वाढायला वीस आणि भांड्यांना सहा. भांड्यांच्या यादीत अजून एकही नाव आलेले नाही.