पाहण्याचा अधिकार, बदलण्याचा नव्हे

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी ‘डीएनएस’ व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. बनावट नावांच्या आधारे ग्राहकांची फसवणूक होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव नामप्रदेश आणला. संस्थांच्या फायरवॉलमध्येही कोणत्या नावाची चौकशी पुढे जाऊ द्यावी व कोणती अडवावी, याचे नियम असतात. ते बहुधा क्रमाने तपासले जातात. क्रम चुकला, की अडवायचे ते सुटते आणि सोडायचे ते अडते.

एखाद्या शाखेत आवश्यक संकेतस्थळ उघडत नसेल, तर असंख्य नियमांतून नेमका कारणीभूत नियम शोधण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाकडे सोपवता येते. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु शोधणाऱ्याच्या हाती बदलाची किल्ली देणे धोक्याचे ठरेल. वाचलेल्या मजकुरात दडवलेली खोटी सूचना असा साहाय्यक आज्ञा समजून पाळू शकतो. त्याला केवळ वाचनाचा अधिकार असेल, तर निदान नियम तरी शाबूत राहतात. नियमांची यादीही गोपनीय असल्याने त्याच्या प्रत्येक चौकशीची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

एकाने नोंद करावी व दुसऱ्याने तपासून मंजुरी द्यावी, ही बँकेची जुनी शिस्त येथेही लागू व्हावी. साहाय्यकाने नियम दाखवावा, एका अधिकाऱ्याने बदल सुचवावा व दुसऱ्याने तो मंजूर करावा. त्यात थोडा वेळ जाईल; पण ग्राहकाच्या विश्वासापुढे त्याची मातब्बरी ती काय?