वजन नव्हे, कस पाहा

केवळ वजनावरून सोन्याची पारख करणारा सराफ गिरगांवांत आढळावयाचा नाहीं. तो कसोटीवर कस पाहतो. परंतु स्वतःच्या देहाची परीक्षा करतांना हाच चतुर गृहस्थ कांट्यावर उभा राहतो आणि आंकडा बेताचा दिसला कीं निश्चिंत होतो! ही निश्चिंती घातक आहे, असें आम्हांस स्पष्ट सांगणें भाग आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत स्वतःच्याच देहांचीं मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु चरबी युडकिन यांच्या देहांत शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या देहांत २१.२! बाहेरून सडपातळ व आंतून मेदयुक्त, असा आपल्यापैकीं अनेकांचा देह आहे. बेताच्या वजनाच्या माणसासहि मधुमेह गांठतो, त्याचें एक मोठें कारण हेंच.

बळाची गोष्टहि तशीच. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १७ देशांतील सुमारें १ लक्ष ४० हजार लोकांच्या पाहणींत, मुठीची पकड ५ किलोंनीं कमी असल्यास मृत्यूचा धोका शेंकडा १६ नें अधिक आढळला. स्नायु हें केवळ पहिलवानाचें भूषण नव्हे. जेवणानंतर रक्तांतील साखर सांठविण्याचें तें मोठें कोठार होय.

लालबाग-परळांत एके काळीं अंगमेहनत पोटापाण्याबरोबरच येत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत आजचा तरुण दिवसभर खुर्चीस खिळलेला असतो. मग बळ यावें कोठून? व्यायाम हें तरुण पुरुषांचें काम, ही समजूतहि आतां टाकावी. वयाबरोबर स्नायु झिजतात. म्हणून त्याची गरज स्त्रियांस व वृद्धांस अधिकच, आणि बळ उतारवयांतहि वाढवितां येतें. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरांत मुलांबरोबर मुलीहि मल्लखांब करतात; मग त्यांच्या मातांनींच मागें कां राहावें?

आमची सूचना साधी आहे. आरोग्य-शिबिरें भरविणाऱ्या उत्सव-मंडळांनीं कांट्याशेजारीं एक फीत व पकड मोजण्याचें लहान यंत्र ठेवावें. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या आंत असावी. वाडीवाडींतील व्यायामशाळांनीं स्त्रियांसाठीं व वृद्धांसाठीं वेळ राखून ठेवावी. आणि पेढीच्या मालकांनीं नोकरांस आठवड्यांतून दोन दिवस तरी व्यायामापुरती सवड द्यावी. वर्षाअखेर मालाची मोजदाद चुकूं न देणाऱ्या व्यापाऱ्यांस देहाच्या भांडवलाची मोजदाद जड वाटूं नये.