सफाईने दात हलतात काय?

भंडारदरा धरणालगतच्या एका वाडीतील सत्तरीच्या आजी मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात गोळ्या नियमित घेऊनही त्यांची साखर उतरेना. आहाराची चौकशी केली तेव्हा सून म्हणाली, "डॉक्टर, आत्या आता भाकरी खातच नाहीत. चहात बुडवून बिस्किटं, नाहीतर मऊ भात." नागलीच्या भाकरीवर आयुष्य काढलेल्या या बाईंना घास चावता येत नव्हता. तोंड उघडायला सांगितले, तर हिरड्या सुजलेल्या, दातांच्या मुळाशी किटणाचा जाड थर आणि दोन दात हलणारे. दोन वर्षे मी त्यांची साखर मोजत होतो. तोंडात डोकावलो नव्हतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

दंतवैद्यांचे नाव काढताच आजी म्हणाल्या, "नको. सफाई केली की राहिलेले दातबी हलत्यात."

ही समजूत घरोघरी आढळते आणि तिला अनुभवाचा थोडा आधारही आहे. निरोगी हिरडी व दात यांच्यातील फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. जंतूंचा थर साचून त्याचे किटण झाले की हिरडी दातापासून सुटते, फट खोलावते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. दात हलतो तो या झिजेमुळे. किटण निघाल्यावर सूज ओसरते, मुळे उघडी दिसतात, काही दिवस थंड पाण्याने झिणझिण्या येतात आणि दोष मात्र सफाईच्या माथी बसतो.

खोल सफाईत हिरडी बधिर करून तिच्या आतील मुळावरचे किटण खरवडतात. बहुधा दोन ते चार बैठका लागतात आणि काही आठवड्यांनी फटींची खोली पुन्हा मोजतात. गेलेले हाड याने परत येत नाही. फार हलणारा दात कधी काढावाही लागतो. मात्र बाकीचे दात घट्ट राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मधुमेहींना आणखी एक लाभ आहे. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. औषधाला ही चांगली जोड आहे, पर्याय नव्हे.

आजींच्या हिरड्यांतून रक्त येत नसे, म्हणून घरचे निर्धास्त होते. त्या मिश्री लावत. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि रोग वाढत असतानाही रक्त फारसे दिसत नाही.

ज्येष्ठांना नेताना सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाची कृत्रिम झडप असल्यास आधी सांगावे. प्रतिजैविक द्यावे लागते. मधुमेहींनी उपाशी जाऊ नये. न्याहारी व गोळी नेहमीप्रमाणे घेऊन सकाळची वेळ मागावी. आपल्या जिल्ह्यात संगमनेर आणि लोणी येथे दंत महाविद्यालये आहेत. तेथील रुग्णालयांत हे उपचार होतात. पुढे साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. घरी रोज दोन वेळा मऊ ब्रशने दात घासावेत. हात कापत असतील तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा.

आजींचा एक दात काढावा लागला. मिश्री पूर्ण सुटलेली नाही. दिवसातून एकदा लावतात, आणि त्यावरून आमचा वाद चालूच आहे. दिवाळीनंतर सून सांगत होती, आत्या भाकरी दुधात कुस्करून खातात, कडेचा पापुद्रा मात्र तसाच चावतात.