माफी एकवचनी असावी

निवासी शाळेतील शिक्षकाला स्वतःच्या विषयापुरते राहता येत नाही. आमचा विषय इतिहास. तरीही सुटीवरून उशिरा परतलेल्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी अर्ज आमच्याही हाती येतात. त्यांत कोणी ‘माय अपॉलॉजी’ लिहितो, कोणी ‘माय अपॉलॉजीज’, तर कोणी ‘आय ॲम अपॉलॉजी’ असे लिहून मोकळा होतो. यांतील शेवटचे वाक्य उघडच अशुद्ध आहे. माणूस माफी मागतो, तो स्वतः माफी नसतो. परंतु पहिल्या दोहोंपैकी कोणते कोठे वापरावे, हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नाही, असे आमचे मत आहे.

इंग्रजीची रूढी अशी की, पत्रात वा बोलण्यात शिष्टाचार म्हणून खेद कळवायचा असेल, तर अनेकवचन येते. उशीर एकदाच झालेला असला तरी ‘माय अपॉलॉजीज’ असेच म्हणतात. हे अनेकवचन मोजदादीचे नव्हे, रीतीचे आहे. थँक्स, कंग्रॅच्युलेशन्स, कन्डोलन्सेस ही त्याचीच भावंडे. सभेस येऊ न शकलेल्या सदस्यांची नोंद कार्यवृत्तात ‘अपॉलॉजीज’ या मथळ्याखाली होते. तेथे कोणी कोणाचे मन दुखावलेले नसते. मात्र खरोखर अन्याय घडला असेल, तर इंग्रजी माणूस ‘ॲन अपॉलॉजी’ मागतो, देतो किंवा नाकारतो. न्यायालयाचा अवमान करणारा ‘अनकंडिशनल अपॉलॉजी’ सादर करतो, तीही एकच. 1971 च्या न्यायालय अवमान अधिनियमाने न्यायालयाचे समाधान होईल अशी माफी मागणाऱ्यास शिक्षेतून सूट देता येते. पण समाधान व्हावे लागते. थोडक्यात, अनेकवचन हे सौजन्य आहे आणि एकवचन ही जबाबदारी आहे.

या शब्दाचा पूर्वेतिहासही बोधप्रद आहे. ग्रीक भाषेत ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेले उत्तर. इ. स. पूर्व 399 मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे सॉक्रेटिसाने केलेल्या भाषणाचे प्लेटोने जे लेखन केले, ते ‘अपॉलॉजी’ या नावाने ओळखले जाते. त्यात माफी नाही, ताठ मानेने केलेला बचाव आहे. अन्यायी व्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यास इंग्रजीत आजही ‘अपॉलॉजिस्ट’ म्हणतात, तो याच जुन्या अर्थाने. पुढे बचावाचा शब्द खेदाचा झाला. तरीही बचाव आणि खेद यांतली सरमिसळ माणसाच्या मनातून पुरती गेलेली नाही. म्हणूनच पुष्कळांच्या माफीत ‘पण’ हा शब्द येतो आणि त्यापुढे माफीऐवजी वकिली सुरू होते.

आता आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत आपण ‘आभार मानले’ म्हणतो, ‘शुभेच्छा दिल्या’ म्हणतो. ही दोन्ही अनेकवचने. परंतु माफी मात्र ‘मागितली’ आणि दिलगिरी ‘व्यक्त केली’. या शब्दांना व्यवहारात अनेकवचन नाही. आमच्या वऱ्हाडी बोलीत तर नामाचीही गरज पडत नाही. ‘चुकलं माह्यं’ एवढे पुरते. पण म्हणून मराठी माणूस पळवाट शोधत नाही, असे नव्हे. इंग्रज माफीचे अनेकवचन करतो, आपण चुकीचे करतो. निरोप समारंभात वक्ता म्हणतो, ‘काही चुका झाल्या असतील, तर क्षमा असावी.’ कोणत्या चुका, कोणाच्या बाबतीत, हे तो सांगत नाही. ऐकणाराही विचारत नाही. स्मरणिकांच्या संपादकीयातही हे वाक्य ठरलेलेच. समारंभापुरते ते शोभते. घरात, कार्यालयात किंवा संस्थेत एखाद्याचे नुकसान झाल्यावर मात्र ते शोभत नाही.

भगवान बुद्धांच्या धम्मात याबाबत स्पष्ट शिकवण आहे. पाली भाषेत मर्यादा ओलांडण्याला ‘अच्चय’ म्हणतात. राजगृहात जीवकाच्या आम्रवनात, पौर्णिमेच्या रात्री, राजा अजातशत्रू बुद्धांसमोर आला. आपण राज्यलोभाने धार्मिक पित्याचा वध केला, हे त्याने नाव घेऊन कबूल केले. चुका झाल्या असतील तर, अशी भाषा त्याने केली नाही. बुद्धांनी ती कबुली स्वीकारली. पण राजा गेल्यावर त्या कृत्याने त्याची किती हानी केली, हेही भिक्खूंना सांगितले. कबुलीने परिणाम पुसला जात नाही. पुढील संयमाची वाट तेवढी मोकळी होते. वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणेच्या वेळी भिक्खू आपल्या सहकाऱ्यांना स्वतःचे दोष दाखवण्याची विनंती करतात, तेही याच भूमिकेतून.

आमच्या समाजासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आमच्या आज्या-आजोबांच्या पिढीकडून व्यवस्थेने अगणित माफ्या वसूल केल्या. पाणवठ्याजवळ गेले म्हणून, सावली पडली म्हणून, नवे कापड अंगावर घातले म्हणून ‘चुकी झाली, मायबाप’ म्हणावे लागे. गुन्हा नसताना मागितलेल्या त्या माफ्यांना खरोखरच अनेकवचन होते. नोव्हेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. तेथे मागणी झाली ती हक्काची, दयेची नव्हे. ‘मायबाप’ म्हणणारी जीभ त्या काळात ‘जय भीम’ म्हणण्याकडे वळू लागली होती.

जगाने अशी एकवचनी माफी अलीकडे पाहिली आहे. कॅनडात दीड लाखाहून अधिक आदिवासी मुलांना निवासी शाळांत डांबून त्यांची भाषा आणि संस्कृती मोडण्यात आली. 11 जून 2008 रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत, काय घडले ते सांगून, माफी मागितली. याउलट जालियनवाला बागेबाबत ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे 10 एप्रिल 2019 रोजी तीव्र खेदावरच थांबल्या. निवासी शाळा मुलाला त्याच्या माणसांपासून तोडू शकते आणि त्याच्या पायावर उभेही करू शकते. आपल्या शाळेने दुसरा मार्ग धरला, हे माजी विद्यार्थी जाणतात.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. मुलांना ‘अपॉलॉजीज’ जरूर शिकवा. सौजन्यात कमीपणा नाही. खरी चूक झाली, तर ती नाव घेऊन, ‘पण’ न लावता, एकवचनात कबूल करायला शिकवा. आणि प्रश्न विचारला म्हणून, हक्क मागितला म्हणून, इंग्रजी अडखळले म्हणून कोणी ‘सॉरी’ म्हणू लागले, तर त्याला थांबवा. मराठीत ‘एकवचनी’ म्हणजे दिलेला शब्द पाळणारा. आमच्या मुलांची माफी त्याही अर्थाने एकवचनी असावी.